वाचनाची खतावणी

निपाणीच्या घराची वाटणी ठरली तेव्हा भांडीकुंडी, पाट, पराती यांचे वाटे सहज पडले. अडले ते माळ्यावरच्या तीन ट्रंकांपाशी. त्यांत आमच्या आप्पांची पुस्तके होती. धाकटा भाऊ म्हणाला, “अक्का, तुझ्या बेळगावच्या घरात जागा न्हाई, माझं घर दोन खोल्यांचं. रद्दीवाल्याला सांगू काय?” तो काही निष्ठुर माणूस नव्हे. घर विकायचे म्हटले की असे बोलावेच लागते. पण त्याच्या मुलीने तोवर एक ट्रंक उघडली होती, आणि तिच्या हाती लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही लागली होती.

आप्पा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. वखारीचे हिशेब त्यांनी उमेदीच्या काळात मोडीत लिहिले. ही वही मात्र बाळबोध अक्षरात होती. तारीख, पुस्तक, कर्ता, कोठून आणले, परत केव्हा, शेरा, असे सहा रकाने आखलेले. पहिली नोंद १९५१ सालची आणि शेवटची त्यांच्या दृष्टीने दगा दिला त्या वर्षाची. मध्ये उभे आयुष्य. शेरे अगदी दिवाणजीचे, म्हणजे दोन-तीन शब्दांचे. ‘ठीक.’ ‘लांबण फार.’ ‘पुन्हा वाचावे.’

माझी भाची बंगळूरला संगणकाच्या कंपनीत आहे. वही चाळून ती म्हणाली, “आत्या, हे तर आम्ही फोनवर करतो तेच आहे की! आज्जांनी कागदावर केलंय.” मी निवृत्त शिक्षिका. शाळेचे ग्रंथालय बारा वर्षे माझ्याकडे होते. तिचे म्हणणे मला आधी पोरकट वाटले. पुढे दोन वर्षे सुट्टीसुट्टीला बसून आम्ही दोघींनी ती पुस्तके आणि ती वही संगणकावर चढवली, तेव्हा पटले की पोरीचे बरोबर होते. त्या दोन वर्षांत पुस्तकांच्या याद्यांचा जो इतिहास मला उलगडला, तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

दुकानदारीच्या घरातल्या वाचकांना रोजकीर्द आणि खतावणी यांतला फरक सांगायला नको. रोजकीर्दीत व्यवहार घडेल तसा तारखेवार लिहायचा, आणि खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचा. ग्रंथालयाचे दप्तरही असेच असते. पुस्तके येतील त्या क्रमाने दाखल-नोंदवहीत चढतात, मग लेखक, नाव आणि विषय यांच्या कार्डांवर खतावली जातात. आप्पांची वही ही रोजकीर्द होती. तिची खतावणी कोणी केली नव्हती. खांडेकरांची किती पुस्तके वाचली हे आप्पांना कोणी विचारले असते, तर त्यांना सबंध वही उलटावी लागली असती. आजच्या सेवांचे काम असे की नोंद एकदा केली की रोजकीर्द आणि खतावणी दोन्ही आपोआप तयार होतात.

मराठी पुस्तकांची खतावणी करण्याचे पहिले मोठे प्रयत्न सरकारी होते. मुंबई इलाख्याचे शिक्षणखात्याचे प्रमुख अलेक्झांडर ग्रांट यांनी १८६४ अखेरपर्यंत इलाख्यात छापलेल्या देशी पुस्तकांची यादी करवली. पाठोपाठ १८६७ चा पंचविसावा कायदा आला. छापखानदाराने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात भराव्यात आणि सरकारने दर तिमाहीस यादी प्रसिद्ध करावी, असा तो नियम. यादीत पुस्तकाचे नाव, भाषा, कर्ता, छापखाना, पृष्ठे, किती प्रती काढल्या आणि किंमत काय, हे सारे येई. हेतू अर्थातच लोक काय छापतात त्यावर नजर ठेवण्याचा होता. पण त्या पहाऱ्यातूनच आपल्या पुस्तकांचे जन्मदाखले शिल्लक राहिले. आपल्याला जवळची गोष्ट अशी की बेळगाव आणि धारवाड दोन्ही जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यात. त्यामुळे पुण्याचे मराठी पुस्तक आणि धारवाडचे कानडी पुस्तक एकाच सरकारी यादीत नोंदले जाई.

सरकारखेरीज गावोगावच्या वाचनालयांचे दप्तर होतेच. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. निव्वळ मराठी ग्रंथांसाठी म्हणून ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली निघाले आणि मुंबईचे १८९८ साली. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून गावोगावी फुकट वाचनालयांची घडी बसवली. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ साली ग्रंथालयांचा कायदाच केला. आमच्या निपाणीपासून ते सारे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर.

पण या सगळ्या दप्तरांवरून हात फिरवून मराठीची एकच खतावणी मांडली ती शंकर गणेश दाते या एका माणसाने. १८०० ते १९३७ या काळातील छापील मराठी ग्रंथांची सूची हा त्यांचा पहिला भाग, आणि १९३८ ते १९५० चा दुसरा भाग १९६१ साली निघाला. १९६४ साली ते गेले. नियतकालिकांची सूची त्यांच्या पश्चात १९६९ साली प्रसिद्ध झाली. ना संगणक, ना झेरॉक्स. ग्रंथालये धुंडायची, पुस्तक हाती घ्यायचे, चिठ्ठी लिहायची, आणि लाखभर चिठ्ठ्यांचे काम असले तरी पुढच्या चिठ्ठीकडे वळायचे. आज जो कोणी जुन्या मराठी पुस्तकाचे साल शोधतो, तो दाते यांचे नाव घेवो न घेवो, बहुधा त्यांच्याच नोंदीवर उभा असतो.

१९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपण म्हैसूर राज्यात गेलो. दोन राज्यांत ग्रंथालयांच्या वाटाही निरनिराळ्या पडल्या. कर्नाटकाचा १९६५ चा कायदा सरकारनेच ग्रंथालये चालवावीत अशा धर्तीचा, तर महाराष्ट्राचा १९६७ चा कायदा लोकांनी काढलेल्या संस्थांना अनुदान देणारा. त्या साऱ्या वर्षांत आप्पा मात्र आपल्या वहीत नोंदी करीतच होते. ‘कोठून आणले’ या रकान्यात कोल्हापूर, बेळगाव, संकेश्वर, चिकोडी अशी नावे येतात. सीमेच्या अलीकडचे कोणते आणि पलीकडचे कोणते, याची खूण त्या रकान्यात नाही.

आता संगणकावरच्या सेवांकडे वळू. लायब्ररीथिंग ही सेवा टिम स्पॉल्डिंग या अमेरिकन गृहस्थाने २००५ साली काढली. घरातल्या पुस्तकांची रीतसर सूची करणे हा तिचा मूळ हेतू. पूर्वी दोनशे पुस्तकांपुढे वर्गणी पडे, २०२० पासून ती फुकट आहे. गुडरीड्स २००७ साली सुरू झाली. तिचा भर काय वाचले, काय वाचायचे आहे आणि कसे वाटले, यावर. २०१३ साली ती अ‍ॅमेझॉनने विकत घेतली. तिसरी ओपन लायब्ररी ही इंटरनेट अर्काइव्ह या धर्मादाय संस्थेची आहे, आणि तिच्यात कोणालाही पुस्तकाची नोंद घालता येते.

पहिल्याच दिवशी मला अचंबा वाटला तो लायब्ररीथिंगचा. १९६० च्या सुमारास छापलेली एक मराठी कादंबरी शोधली, तर तिची नोंद रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा-टिंबे देऊन, थेट अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून उतरली. वॉशिंग्टनमध्ये निपाणीच्या माळ्यावरले पुस्तक पोचले कसे? त्याचे उत्तर आपल्या पिढीने खाल्लेल्या गव्हात आहे. पीएल ४८० या कायद्याखाली अमेरिकेने आपल्याला धान्य विकले आणि मोबदला रुपयांत घेतला. ते रुपये इथेच खर्चायचे होते. त्यांतून १९६२ पासून दिल्लीत कचेरी थाटून भारतातल्या भाषांची पुस्तके घेतली गेली आणि अमेरिकेतल्या ग्रंथालयांना धाडली गेली. प्रत्येक पुस्तकाचे कार्ड झाले. रेशनच्या रांगेत उभे राहून ज्या गव्हाला आपण नावे ठेवली, त्याच गव्हाच्या पैशांनी मराठी पुस्तकांची खतावणी परमुलखात झाली.

त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची कथाही एका घरगुती संग्रहापासून आहे. १८१४ साली इंग्रज फौजेने वॉशिंग्टन जाळले, त्यात तिथली पुस्तके गेली. तेव्हा माजी अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी आपला ६,४८७ पुस्तकांचा संग्रह सरकारला विकला, आणि त्यावर नवे ग्रंथालय उभे राहिले. लायब्ररीथिंगवर हौशी वाचकांनी जेफरसन यांच्या पुस्तकांची यादीही घरबसल्या चढवली आहे. गेलेल्या माणसांचे संग्रह असे पुन्हा मांडण्याचा तिथे परिपाठच आहे. भाची म्हणाली, “मग आज्जांचा का नको?” तिथून आम्ही मनावर घेतले.

काम वाटले तितके सोपे नव्हते. फोनचा कॅमेरा पुस्तकामागच्या पट्ट्यांवर धरला की पुस्तक ओळखले जाते खरे, पण त्या पट्ट्यांत असतो तो आयएसबीएन क्रमांक. ही पद्धत १९७० ची. २००७ पासून तो क्रमांक दहाचा तेरा आकडी झाला. १९७० पूर्वीच्या पुस्तकावर तो असण्याचा प्रश्नच नाही, आणि पुढेही कित्येक वर्षे आपल्या लहान प्रकाशकांनी तो घेतला नाही. तेव्हा ट्रंकेतली बहुतेक पुस्तके हातानेच नोंदवावी लागली.

दुसरी अडचण लिपीची. शिवाजी सावंतांची १९६७ ची ‘मृत्युंजय’ रोमन लिपीत लिहायची म्हटली तर कोणी ‘मृ’ची फोड ‘मृु’सारखी करतो, कोणी ‘मृि’सारखी, आणि एकाच कादंबरीची चार पुस्तके होऊन बसतात. त्यातून बिरेंद्रकुमार भट्टाचार्य यांची त्याच नावाची आसामी कादंबरी आहे, तिच्या वाचकांचे अभिप्राय आपल्या कर्णाच्या खात्यावर पडायला वेळ लागत नाही. ‘ययाती’चा घोळ तर खास आपल्या मुलखाचा. खांडेकरांची कादंबरी १९५९ ची, आणि गिरीश कर्नाडांचे कानडी नाटक १९६१ चे. आप्पांच्या वहीत दोन्ही आहेत, पुढे ‘कादंबरी’ आणि ‘नाटक, कानडी’ असे लिहिलेले. दिवाणजी होते, दोन खाती एकत्र करणारे नव्हते.

ग्रंथालयांत जी दशांश पद्धत चालते तीही अमेरिकेचीच, मेलव्हिल ड्यूईंची, १८७६ ची. तिच्यात मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६ आणि कानडीचा ८९४.८१४. भाषाकुले निराळी म्हणून हा दुरावा. कपाटात पुस्तके या आकड्यांनी लावली तर मराठी आणि कानडी यांच्या मधोमध रशियन येते, अरबी येते, तुर्की, हंगेरियन आणि फिनिशही येते! आमच्या गल्लीत दोन भाषांच्या मधे एक सामायिक भिंत, आणि शास्त्रात अर्धे जग. शाळेच्या ग्रंथालयात मी हे आकडे वर्षानुवर्षे पुस्तकांच्या पाठीवर चिकटवले, पण ही गंमत ध्यानात आली नव्हती.

या सेवांनी एक सोय मात्र अशी केली आहे की आपण सीमाभागातल्या माणसांनी ती जरूर वापरावी. एका ग्रंथाच्या साऱ्या आवृत्त्या आणि अनुवाद एका खात्यात जोडता येतात. एस. एल. भैरप्पांची ‘वंशवृक्ष’ मूळ कानडी, १९६५ ची. मराठीत ती आणली बेळगावच्या माहेरवाशीण उमा कुलकर्णी यांनी, आणि त्या अनुवादाला १९८९ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. यंत्राला दोन लिप्यांतली ही नावे एकच आहेत हे आपोआप कळेलच असे नाही. दोन्ही वाचणाऱ्या माणसाने ती जोडावी लागतात. भाचीचे शिक्षण इंग्रजी-कानडीत झाले, मराठी ती अडखळत वाचते. माझे उलटे. ती कानडी नाव वाची, मी मराठी, आणि मग जोडणी होई. त्या निमित्ताने तिचे मराठी सुधारले आणि माझे कानडी.

तिसऱ्या ट्रंकेने मात्र आम्हाला हरवले. तिच्यात बेळगाव-निपाणीचे दिवाळी अंक होते, मराठी शाळांच्या स्मरणिका होत्या, तंबाखू आंदोलनाच्या १९८१ सालच्या पत्रिका होत्या, स्थानिक छापखान्यात शे-दोनशे प्रती काढलेले कवितासंग्रह होते. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची, पण दिवाळी अंक हे पुस्तक की नियतकालिक, हेच यंत्राला ठरवता येईना. गव्हाच्या पैशांचे खरेदीदार इथवर पोचले नव्हते. शोधले की एकच उत्तर येई, नोंद सापडली नाही. याच चिकोडी भागातल्या एकसंब्याचे जी. ए. कुलकर्णी कुठेही सापडतात. निपाणीत पिठाची गिरणी चालवून लिहिणारे महादेव मोरे २०२४ साली गेले, त्यांचीही काही पुस्तके सापडतात. पण ज्या अंकांतून नवे लिहिणारे हात घडले, ते अंक कोणत्याच खात्यावर नाहीत. ती सगळी ट्रंक आम्ही हाताने नोंदवली. नाव, साल, संपादक, छापखाना, गाव. रद्दीवाल्याकडे गेली असती तर ती प्रत गेलीच असती, आणि ती होती याची साक्षही गेली असती.

आता जरा नाजूक गोष्ट.

१९८६ साली कानडी सक्तीविरुद्ध सीमाभाग पेटला. आप्पा तेव्हा साठीच्या घरात, तरी मोर्चात होते. घरात त्या दिवसांत मोठ्याने बोलायचीही चोरी झाली होती. त्या महिन्याच्या पानावर येऊन आम्ही थबकलो. एकच नोंद होती, कानडी अक्षरांत. भाचीने वाचली, ‘मूकज्जिय कनसुगळु’. शिवराम कारंतांची १९६८ ची कादंबरी, १९७७ चे ज्ञानपीठ मिळवणारी, जुनी वस्तू हाती घेताच गेलेला काळ दिसू लागणाऱ्या म्हाताऱ्या आजीची. ‘कोठून आणले’ या रकान्यात होते, ‘मास्तरांकडून’. मास्तर म्हणजे सामायिक भिंतीपलीकडले, कानडी शाळेचे. नऊ दिवसांनी परत केल्याची नोंद होती. आणि शेरा, ‘सावकाश वाचले. पुन्हा वाचावे.’

भाऊ म्हणाला, “अक्का, हे चढवू नको. आप्पा चळवळीतले. लोक काय म्हणतील, दिवसा मोर्चा आणि रात्री कानडी कादंबरी?” भाची म्हणाली, “पप्पा, त्यात वाईट काय आहे?” त्यावर तो चिडला. “तुला काय ठाऊक, तेव्हा काय दिवस होते!” दोघांचेही खरे होते. आप्पांचा विरोध सक्तीला होता, त्या भाषेला नव्हता, हे मला त्या एका ओळीत लख्ख दिसले. पण हे जगाला दाखवण्याचा हक्क मला होता काय? वही त्यांनी कपाटात ठेवली होती, चावडीवर नव्हे. कोणी काय वाचले हे तिसऱ्याला न सांगणे हा ग्रंथपालाचा धर्म आहे, आणि तो मी शाळेतल्या पोरांच्या बाबतीतही पाळला होता.

शेवटी असे ठरवले. पुस्तकांची यादी सर्वांना खुली. वाचनाची वही मात्र खासगी खात्यात, घरातल्या चौघांपुरती. या सेवांत अशी सोय असते, पण ती आपण मागून घ्यावी लागते. ज्यांना आपले वाचन जगजाहीर नको, त्यांनी आधी ती पाहावी. कारण कोणते पुस्तक उघडले, कोणते टाकले, हे व्यापाऱ्याच्या फार कामाचे असते. शिवाय सबंध यादी उतरवून घेण्याची सोय गुडरीड्समध्ये आणि लायब्ररीथिंगमध्येही आहे. ती वर्षातून एकदा उतरवून कागदावर छापून ठेवावी. सेवा आज आहे, मालक उद्या बदलेल. लाल पुठ्ठ्याच्या वहीला सत्तर वर्षांत मालक बदलावा लागला नाही.

त्या १९८६ च्या नोंदीविषयी मी इथे लिहिते आहे ते भावाच्या संमतीने. मागच्या पाडव्याला तो आला, ते पान मागून घेतले, बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, “मास्तर आप्पांच्या मातीला आले होते ना गं? शेवटपर्यंत थांबले होते.” थोड्या वेळाने म्हणाला, “लिही. पण नीट लिही.”

तेव्हा, वाचकहो, यंदा दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरची ट्रंक उघडाल तेव्हा तिसऱ्या ट्रंकेतले जे असेल ते आधी काढा. गावच्या छापखान्यातले, क्रमांक नसलेले, कोणत्याच यादीत नसलेले. त्याची नोंद वॉशिंग्टन करणार नाही, मुंबई-बंगळूरही करणार नाहीत. फोन असेल तर फोनवर करा, नसेल तर वहीत करा. नाव, साल, छापखाना, गाव एवढे चार रकाने पुरेत. आणि पाचवा रकाना आखायचा झाला, तर ‘कोणाकडून आणले’ हा आखा.

आमची तिसरी ट्रंक आता बेळगावला माझ्याकडे आहे. जागा नव्हती, पण झाली. लाल वहीत मागे अकरा कोरी पाने उरली होती. त्यांत मी माझी रोजकीर्द सुरू केली आहे. पहिली नोंद ‘मूकज्जिय कनसुगळु’ची. भाची एक पान वाचते, मी एक वाचते. अजून शेऱ्याचा रकाना कोरा आहे.